फोटो एडिटिंगची सुरुवात: आधी गिम्पची स्क्रीन वाचायला शिका

फोटो एडिटिंगचं सॉफ्टवेअर पहिल्यांदा उघडलं की नजर बटणांवर जाते. डावीकडे चिन्हांची रांग, उजवीकडे पॅनेल, वर मेनूंची पट्टी. मग आपण हवं ते बटण शोधायला लागतो: उजेड कुठून वाढवायचा, मागचा खांब कसा पुसायचा. बटण सापडतं, दाबलंही जातं, पण फोटोत काहीच होत नाही. किंवा जे होतं ते भलत्याच जागी होतं.

माझं ठाम मत आहे की पहिले एक-दोन तास बटणं पाठ करण्यात घालवू नयेत. ते स्क्रीन वाचायला शिकण्यात घालवावेत. तुमचा पुढचा क्लिक कुठे आणि कसा उमटणार हे तीन गोष्टींवर ठरतं: कुठला लेअर (चित्राचा एकावर एक ठेवलेला थर) निवडलेला आहे, फोटोचा कुठला भाग निवडलेला आहे आणि हातात कुठलं टूल कोणत्या सेटिंगसह आहे. या तिन्ही गोष्टी स्क्रीनवर सतत दिसत असतात. त्या कुठे पाहायच्या हे एकदा कळलं की नवं टूल शिकायला फार वेळ लागत नाही.

हा लेख गिम्प हे फोटो एडिटिंगचं सॉफ्टवेअर समोर ठेवून लिहिला आहे. ते मोफत आहे, मुक्तस्रोत आहे (म्हणजे त्याचा कोड सगळ्यांसाठी खुला आहे) आणि विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतं, त्यामुळे वाचता वाचता करून बघता येईल. स्पेन्सर किंबॉल आणि पीटर मॅटिस या अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठाच्या दोन विद्यार्थ्यांनी १९९५ मध्ये त्यावर काम सुरू केलं. तेव्हापासून त्याचं रूप बरंच बदललं आहे, आणि जुने व्हिडिओ पाहून शिकणाऱ्यांचा गोंधळ इथेच होतो. पूर्वी गिम्प सुट्या सुट्या खिडक्यांत उघडायचं. २०१२ मध्ये आलेल्या २.८ आवृत्तीत सगळं एका खिडकीत आणायची सोय झाली, २०१८ च्या २.१० पासून तीच नेहमीची मांडणी झाली आणि मार्च २०२५ मध्ये ३.० आली. व्हिडिओतली स्क्रीन तुमच्यासारखी दिसत नसेल तर तो कुठल्या आवृत्तीचा आहे ते आधी पाहा. खालचं वर्णन २.१० आणि ३.० या दोन्हींना लागू आहे. जिथे फरक आहे तिथे तसं सांगितलं आहे.

उघडताना विचारले जाणारे प्रश्न

सरावासाठी मोबाइलवर काढलेला एक साधा फोटो घ्या, त्याची कॉपी करा आणि ती कॉपीच वापरा. ज्यात ऊनही आहे, सावलीही आहे आणि कोपऱ्यात एखादी नको असलेली छोटी वस्तू आहे, असा फोटो उत्तम. सगळा सराव एकाच फोटोवर केलात तर झालेला बदल डोळ्यांना लगेच ओळखू येतो.

३.० पहिल्यांदा सुरू केल्यावर स्वागताची एक छोटी खिडकी येते. ती घाईने बंद करू नका. तिथे रंगसंगती, चिन्हांचा आणि अक्षरांचा आकार, भाषा हे सगळं ठरवता येतं. चिन्हं बारीक वाटत असतील तर इथेच मोठी करून घ्या. भाषा मात्र सुरुवातीला इंग्रजी ठेवावी असं मी सुचवेन, कारण मदतीचे बहुतेक लेख आणि व्हिडिओ इंग्रजी नावांनीच बोलतात.

आता फाइल मेनूतून ओपन करा किंवा फोटो ओढून मधल्या रिकाम्या जागेत सोडा. काही फोटोंच्या बाबतीत इथे एखाद-दुसरा प्रश्न येतो. फोन आडवा-उभा कसा धरला होता याची नोंद फाइलमध्ये असते, त्यानुसार फोटो फिरवायचा का, असा एक प्रश्न असतो. तिथे 'रोटेट' निवडा. दुसरा प्रश्न कलर प्रोफाइलचा, म्हणजे फोटोतले रंग कसे दाखवायचे याच्या नोंदीचा. फाइलसोबत आलेलं प्रोफाइल ठेवायचं की गिम्पच्या प्रोफाइलमध्ये बदलायचं, असं गिम्प विचारतं. 'कीप' निवडा आणि पुढे चला. रंगव्यवस्थापन हा मोठा विषय आहे, त्यात पहिल्या दिवशी अडकून पडायचं कारण नाही.

वरून खाली एक फेरी

अगदी वरची शीर्षकपट्टी बहुतेक जण कधी वाचतच नाहीत. तिथे फाइलचं नाव, रंगाचा प्रकार, लेअर किती आहेत आणि फोटो किती पिक्सेलचा आहे हे सगळं लिहिलेलं असतं. नावाच्या आधी चांदणी दिसली तर सेव्ह न केलेले बदल आहेत. रंगाच्या प्रकारात 'आरजीबी' (लाल, हिरवा, निळा मिळून बनणारे रंग) असायला हवं. एखादी जिफ फाइल उघडली असेल तर तिथे 'इंडेक्स्ड' (मोजक्या रंगांची ठरलेली यादी) दिसेल आणि कितीतरी फिल्टर राखाडी होऊन बसतील. अशा वेळी इमेज मेनूत मोडमध्ये जाऊन आरजीबी निवडा, ते पुन्हा चालू होतील.

त्याखाली मेनू: फाइल, एडिट, सिलेक्ट, व्ह्यू, इमेज, लेअर, कलर्स, टूल्स, फिल्टर्स, विंडोज, हेल्प. यातले चार मेनू नीट समजून घ्या, कारण त्यांचा फरक न कळल्याने बराच वेळ वाया जातो. व्ह्यू मेनूतलं काहीही फोटो बदलत नाही, फक्त तुम्हाला तो कसा दिसतो ते बदलतं. इमेज मेनू सगळ्या लेअरसकट संपूर्ण चित्राला हात लावतो. लेअर मेनू निवडलेल्या लेअरपुरताच चालतो. कलर्सही निवडलेल्या लेअरवरच चालतो, आणि सिलेक्शन केलेलं असेल तर त्या लेअरच्या तेवढ्याच भागावर.

फोटो 'लहान करायचा' म्हटलं तर त्याचे तीन अर्थ होतात. स्क्रीनवर लहान दिसायला हवा असेल तर व्ह्यूमधला झूम. फाइलच कमी पिक्सेलची करायची असेल तर इमेजमधला 'स्केल इमेज'. फोटोवर ठेवलेलं एखादं चिन्ह तेवढं लहान करायचं असेल तर लेअरमधला 'स्केल लेअर'. 'स्केल' हा शब्द दोन मेनूंत आहे, म्हणून तो दिसला की आपण कुठल्या मेनूत आहोत हे आधी पाहायचं.

डावीकडे टूलबॉक्स आणि त्याखाली निवडलेल्या टूलची सेटिंग. मध्ये फोटो. उजवीकडे वरच्या भागात ब्रश, पॅटर्न, फॉन्ट वगैरेंचे टॅब आणि खालच्या भागात लेअर, चॅनेल, पाथ. तुमच्याकडे एखादा टॅब इकडचा तिकडे असेल तर बिघडत नाही.

आणि फोटोच्या अगदी खाली बारीक अक्षरांची स्थितिपट्टी. तिला माझ्या मते सगळ्यात जास्त मान द्यायला हवा. माउस कुठल्या पिक्सेलवर आहे आणि झूम किती आहे हे ती दाखवते. त्याहून महत्त्वाचं म्हणजे हातातल्या टूलने आत्ता काय करता येईल हे ती सांगत असते. ब्रश घेऊन फोटोवर माउस फिरवा: क्लिक केल्यावर रंग लागेल, शिफ्ट धरलं तर सरळ रेघ येईल, कंट्रोल धरलं तर फोटोतला रंग उचलता येईल, असं तिथे लिहून येतं. क्लोन टूल घेतलं तर आधी कंट्रोल धरून क्लिक करा आणि कुठून नक्कल घ्यायची ते दाखवा, अशी सूचना येते. टूल चालत नसेल तर त्याचं कारणही पुष्कळदा तिथेच उमटतं. प्रत्येक नवं टूल घेतल्यावर आधी खाली पाहायचं, ही सवय पहिल्याच दिवशी लावून घ्या.

आधी फोटोत फिरायला शिका

कंट्रोल धरून माउसचं चाक फिरवा, झूम कमी-जास्त होईल. मॅकवर बहुतेक ठिकाणी कंट्रोलऐवजी कमांड. कीबोर्डवर १ दाबलं की झूम १०० टक्के होतो, म्हणजे फोटोचा एक पिक्सेल स्क्रीनच्या एका पिक्सेलवर. शिफ्ट, कंट्रोल आणि जे एकत्र दाबलं की पूर्ण फोटो खिडकीत मावतो. या दोन टोकांमध्ये सतत ये-जा करत राहा. फोटो स्पष्ट आहे की हलला आहे, पुसलेल्या जागेचा डाग राहिला आहे का, हे १०० टक्क्यांवर ठरवायचं. उजेड आणि रंगांचा तोल पूर्ण फोटो एका नजरेत असताना ठरवायचा. ४०० टक्क्यांवर जाऊन तासभर एकच कोपरा घासत बसलात तर पूर्ण फोटोत तो कोपरा वेगळाच उठून दिसतो.

झूम केलेल्या फोटोत सरकायला स्पेसबार दाबून ठेवा आणि माउस हलवा. माउसचं मधलं बटण दाबून ओढलं तरी तेच होतं. फोटोच्या खिडकीच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात चार दिशांच्या बाणांचं एक चिन्ह असतं. ते दाबून धरलं की पूर्ण फोटोची छोटी प्रतिमा दिसते आणि त्यात हव्या त्या जागी उडी मारता येते.

शिफ्ट धरून मधल्या बटणाने ओढलं तर मात्र दृश्य फिरतं. हे चुकून झालं तर फोटो तिरका झाला असं वाटतं. तो तिरका झालेला नसतो, फक्त तसा दाखवला जात असतो. व्ह्यूमधल्या 'फ्लिप अँड रोटेट'मध्ये 'रीसेट' आहे, तेवढं पुरे.

टूलबॉक्स आणि त्याखालचं पॅनेल

टूलबॉक्समधल्या काही चिन्हांच्या कोपऱ्यात बारीक त्रिकोण असतो. त्यामागे आणखी टूल लपलेली असतात. चिन्ह दाबून धरा, यादी उघडेल. ही गटवारी २०२० मधल्या २.१०.१८ आवृत्तीपासून आली. सगळी टूल सुटी समोर हवी असतील तर एडिटमधल्या प्रेफरन्सेसमध्ये, इंटरफेसखाली टूलबॉक्सच्या पानावर 'यूज टूल ग्रुप्स'ची खूण काढून टाका. शिकताना तसं केलेलं बरं.

सुरुवातीला सहा टूल पुरतात. चौकोनी सिलेक्शन आर ने, क्रॉप शिफ्ट-सी ने, मूव्ह एम ने, ब्रश पी ने, हील (डाग किंवा नको ते पुसायचं टूल) एच ने आणि टेक्स्ट टी ने. माउस चिन्हावर थांबवला की त्याचा शॉर्टकट दिसतोच, त्यामुळे पाठांतराला बसू नका. रोज वापरल्याने बोटांना आपोआप कळतं.

टूल निवडल्यावर खालचं पॅनेल बदलतं. टूलचं खरं वागणं तिथे ठरतं, आणि नवशिक्यांची नजर नेमकी तिथे जात नाही. क्रॉपचंच घ्या. टूल घ्या, फोटोवर चौकट ओढा, कडा ओढून नीट करा, एंटर दाबा. नको असेल तर एस्केप. एवढं कुणालाही जमतं. पण पॅनेलमध्ये 'फिक्स्ड'वर खूण करून प्रमाण १:१ किंवा ४:५ लिहिलंत तर चौकट ते प्रमाण सोडत नाही. मार्गरेषांच्या यादीत 'रूल ऑफ थर्ड्स' निवडलंत तर चौकटीचे नऊ भाग दिसतात आणि मुख्य विषय कुठे ठेवायचा हे ठरवायला मदत होते. 'डिलीट क्रॉप्ड पिक्सेल्स'वर खूण नसेल तर कापलेला भाग टाकून दिला जात नाही, नुसता चौकटीबाहेर झाकला जातो. ती खूण नसलेलीच बरी. नंतर मन बदललं तर तो भाग परत मिळवता येतो.

ब्रशच्या पॅनेलमध्ये ओपॅसिटी, साइज आणि हार्डनेस (ब्रशची कडा किती ठळक) या तीन पट्ट्या पाहा. आकडा थेट टाइपही करता येतो, आणि साइज चौकोनी कंसांच्या कळांनी कमी-जास्त होते. ओपॅसिटी नावाची पट्टी उजवीकडे लेअरच्या पॅनेलमध्येही आहे. इथली पट्टी यापुढे मारलेल्या फटकाऱ्याचा दाटपणा ठरवते, तिथली पट्टी पूर्ण लेअर किती पारदर्शक दिसावा ते ठरवते. टूलची सेटिंग टूल बदलून परत आलात तरी तशीच राहते. एखादं टूल काल बरोबर चालत होतं आणि आज विचित्र वागतंय असं वाटलं, तर पॅनेलच्या तळाशी मूळ सेटिंग आणणारं बटण आहे ते दाबा. शिफ्ट धरून दाबलं तर सगळ्याच टूलची सेटिंग मूळपदावर येते.

टूलबॉक्सजवळ एकावर एक असे दोन रंगीत चौकोन असतात. वरचा रंगवायचा रंग, खालचा पार्श्वभूमीचा. एक्स दाबलं की त्यांची अदलाबदल होते, डी दाबलं की पुन्हा काळा-पांढरा.

लेअर: इथे घाई करू नका

लेअर म्हणजे एकावर एक ठेवलेल्या काचा, ज्यांच्यावर वेगवेगळं चित्र आहे आणि आपण वरून सगळं एकत्र पाहतो आहोत. उजवीकडच्या पॅनेलमध्ये त्यांची यादी असते. यादीत जो वर, तो चित्रातही वर. ठळक पार्श्वभूमीवर दिसणारी ओळ म्हणजे निवडलेला लेअर. तुमचा प्रत्येक फटकारा, प्रत्येक रंगबदल तिथेच जातो.

करून पाहा. लेअर पॅनेलच्या तळाशी नव्या लेअरचं बटण आहे. ते दाबा, पारदर्शक लेअर निवडा आणि ओके करा. आता ब्रशने फोटोवर एक जाड रेघ ओढा. नव्या लेअरच्या ओळीतल्या डोळ्याच्या चिन्हावर क्लिक करा. रेघ गेली, फोटो शाबूत आहे. पुन्हा क्लिक करा, रेघ परत आली. आता खालचा, फोटोचा लेअर निवडून दुसरी रेघ ओढा आणि वरच्या लेअरचा डोळा पुन्हा मिटा. ही दुसरी रेघ जात नाही, कारण ती फोटोवरच उमटली आहे. दोन्ही वेळी स्क्रीनवर दिसणारी रेघ सारखीच होती, फरक फक्त यादीतल्या निवडलेल्या ओळीत होता. हा प्रयोग मनात पक्का बसेपर्यंत करा.

या पॅनेलमध्ये आणखी काही खुणा वाचायला शिका. लेअरचं नाव ठळक अक्षरांत असेल तर त्याला पारदर्शकता नाही. जेपेग उघडल्यावर मिळणारा पहिला लेअर असाच असतो. त्यावर खोडरबर फिरवला तर आरपार जागा होत नाही, पार्श्वभूमीचा रंग लागतो. आरपार करायचं असेल तर त्या ओळीवर राइट क्लिक करून 'ॲड अल्फा चॅनेल' निवडा. कुलपाची चिन्हं दिसली तर त्या लेअरचे पिक्सेल, जागा किंवा पारदर्शक भाग बदलायला बंदी केलेली आहे. लेअरच्या छोट्या चित्राशेजारी आणखी एक काळं-पांढरं चित्र असेल तर तो मास्क, म्हणजे लेअरचा कुठला भाग दिसावा आणि कुठला झाकावा हे ठरवणारं चित्र. दोघांपैकी कशाभोवती चौकट आहे ते पाहा, रंग त्यावर जाईल.

टेक्स्ट टूलने अक्षरं लिहिली की त्यांचा स्वतंत्र लेअर आपोआप तयार होतो आणि तोच निवडलेला राहतो. लगेच कलर्समध्ये जाऊन फोटोचा उजेड वाढवायला गेलात तर फोटो जिथल्या तिथे राहतो, बदल अक्षरांवर जातो. यादीत फोटोच्या ओळीवर एक क्लिक करा, काम पुढे सुरू.

मूव्ह टूलची एक खोडही सांगून ठेवतो. मूळ सेटिंगमध्ये ते निवडलेला लेअर सरकवत नाही, माउसच्या टोकाखाली ज्या लेअरचा पिक्सेल असेल तो लेअर उचलतं. बारीक अक्षरं पकडायला जाता आणि मागचा फोटोच सरकतो. तेव्हा टूलच्या पॅनेलमध्ये निवडलेला लेअर हलवायचा पर्याय घ्या.

सिलेक्शन: कुंपण आहे की नाही

आर दाबा आणि फोटोवर चौकोन ओढा. त्याच्याभोवती चालत्या मुंग्यांसारखी तुटक रेघ दिसेल. आता ब्रशने चौकोनाच्या आतून बाहेर रेघ ओढा. रंग आत लागतो, कुंपणाशी थांबतो. सिलेक्शन असेपर्यंत सगळी रंगकामं, सगळे फिल्टर त्याच्या आतच चालतात. सिलेक्शन काढायला शिफ्ट, कंट्रोल आणि ए. उलटं करायला, म्हणजे आतलं सोडून बाहेरचं निवडायला, कंट्रोल-आय.

अडचण येते ती विसरलेल्या सिलेक्शनची. खूप झूम केलेलं असताना कुंपण स्क्रीनच्या बाहेर कुठेतरी असतं आणि इथे ब्रश चालत नाही. पूर्ण फोटो खिडकीत आणून पाहा. तरीही दिसलं नाही तर कंट्रोल-टी कधी चुकून दाबलं गेलं का याचा विचार करा. त्याने सिलेक्शन जात नाही, फक्त त्याची रेघ लपते. शंका असेल तेव्हा सरळ सिलेक्ट मेनूतलं 'नन' दाबावं.

पिवळी-काळी तुटक रेघ मात्र वेगळी. ती लेअरची हद्द दाखवते. लेअर पूर्ण चित्राएवढा असलाच पाहिजे असं नाही, आणि हद्दीबाहेर ब्रश उमटत नाही. ३.० मध्ये ब्रशच्या सेटिंगमध्ये 'एक्स्पांड लेअर्स' आहे, ते चालू केलं तर रंगवताना लेअर आपोआप वाढतो. २.१० मध्ये लेअर मेनूतून 'लेअर टू इमेज साइज' करावं लागतं.

पूर्ण फोटोवर लाल झाक चढली तर घाबरू नका. शिफ्ट-क्यू दाबलं गेलं आहे, म्हणजे क्विक मास्क (ब्रशने रंगवून सिलेक्शन करायची सोय) चालू झाला आहे. पुन्हा शिफ्ट-क्यू दाबा किंवा फोटोच्या खालच्या डाव्या कोपऱ्यातल्या छोट्या चौकोनावर क्लिक करा.

काहीच होत नसेल तेव्हा कुठे पाहायचं

फोटोकडे पाहत पुन्हा पुन्हा क्लिक करत राहू नका. नजर आधी स्थितिपट्टीवर न्या, तिथे कारण लिहिलेलं असू शकतं. मग लेअर पॅनेल: हवी तीच ओळ निवडलेली आहे का, तिचा डोळा उघडा आहे का, कुलूप आहे का, मास्क निवडला गेला आहे का. मग सिलेक्ट, नन. मग डावीकडचं टूलचं पॅनेल: ओपॅसिटी शून्याजवळ आहे का, ब्रश एका पिक्सेलचा झाला आहे का, मोड 'नॉर्मल' आहे का. शेवटी शीर्षकपट्टीत आरजीबी आहे ना, ते पाहा. हाच क्रम दर वेळी ठेवला तर मिनिटभराच्या आत कारण हाती लागतं.

पहिला खरा बदल: लेव्हल्स

फोटोचा लेअर निवडा, सिलेक्शन काढा, कलर्स मेनूत 'लेव्हल्स' उघडा. डोंगरासारखा दिसणारा आलेख म्हणजे हिस्टोग्राम. डावीकडे फोटोतले काळे भाग, उजवीकडे उजळ भाग, आणि डोंगर जितका उंच तितके त्या उजेडाचे पिक्सेल जास्त. त्याखाली तीन त्रिकोण आहेत. डावा त्रिकोण डोंगर सुरू होतो तिथपर्यंत आणा, उजवा डोंगर संपतो तिथपर्यंत. मळकट फोटोत लगेच जान येते. मधल्या त्रिकोणाने एकूण उजेड ठरवा. त्रिकोण डोंगराच्या आत फार शिरले तर ढगांमधले किंवा काळ्या केसांमधले बारकावे जातात, म्हणून हळू हळू सरकवा.

या खिडकीतल्या 'प्रिव्ह्यू'ची खूण काढून-लावून आधीचं आणि नंतरचं रूप पाहा. 'स्प्लिट व्ह्यू' लावला तर फोटोच्या मधोमध रेघ येते आणि दोन्ही रूपं शेजारी शेजारी दिसतात. कलर्स आणि फिल्टर्समधल्या बऱ्याच खिडक्यांत या दोन सोयी आहेत. ३.० मध्ये आणखी एक मोठी सोय आली: बहुतेक फिल्टर लेअरवर कायमचे कोरले जात नाहीत. लेअरच्या ओळीत 'एफएक्स' असं चिन्ह येतं, त्यावर क्लिक करून फिल्टर बंद करता येतो, बदलता येतो, काढता येतो.

एखादी गोष्ट कुठल्या मेनूत आहे हे आठवत नसेल तर कीबोर्डवरची तिरकी रेघ, म्हणजे स्लॅश, दाबा. शोधाची पट्टी येते. नावातली दोन-तीन अक्षरं टाइप केली की आज्ञा समोर येते आणि तिथूनच चालवता येते.

मागे जाणं आणि काम जपणं

कंट्रोल-झेडने एक पाऊल मागे, कंट्रोल-वायने पुढे. 'अंडू हिस्टरी' हा टॅब उघडा ठेवलात तर केलेल्या प्रत्येक कामाची पायरी दिसते आणि हव्या त्या पायरीवर क्लिक करून तिथपर्यंत मागे जाता येतं. दिसत नसेल तर विंडोज मेनूतल्या 'डॉकेबल डायलॉग्ज'मधून तो आणा. मागे जाऊन नवं काही केलंत तर पुढच्या पायऱ्या पुसल्या जातात. फाइल बंद केली की ही सगळी यादीच जाते.

सेव्ह आणि एक्सपोर्ट ही गिम्पमध्ये दोन वेगळी कामं आहेत. कंट्रोल-एस केलं की एक्ससीएफ फाइल बनते. तिच्यात लेअर, मास्क, सिलेक्शन सगळं राहतं, पण ती इतरांना पाठवण्याजोगी नसते. पाठवायची जेपेग किंवा पीएनजी हवी असेल तर शिफ्ट, कंट्रोल आणि ई दाबून एक्सपोर्ट करा आणि फाइलच्या नावाच्या शेवटी हवा तो प्रकार लिहा. फोटोला जेपेग योग्य. पारदर्शक भाग ठेवायचा असेल तर पीएनजी, कारण जेपेगमध्ये पारदर्शकता राहत नाही. फक्त एक्सपोर्ट करून बंद करायला गेलात तर बदल सेव्ह नाहीत असा इशारा येतो. तो बरोबरच असतो. उद्या त्याच फोटोवर पुढे काम करायचं असेल तर एक्ससीएफ ठेवायलाच हवी.

पॅनेल गायब झाली तर

टॅब ही कळ दाबली की दोन्ही बाजूंची पॅनेल लपतात आणि पुन्हा दाबली की येतात. फोटो मोठा पाहायला ही उत्तम सोय, पण अजाणता दाबली गेली तर धडकी भरते. एखादाच टॅब चुकून बंद झाला असेल तर विंडोज मेनूत 'डॉकेबल डायलॉग्ज'च्या यादीत तो सापडेल, आणि पूर्ण पट्टाच बंद झाला असेल तर 'रिसेंटली क्लोज्ड डॉक्स'मध्ये. ओढताना टॅब इकडे तिकडे जात असतील तर टॅबच्या पॅनेलच्या कोपऱ्यातल्या छोट्या बाणावर क्लिक करून 'लॉक टॅब टू डॉक' निवडा, मग तो जागचा हलत नाही. सगळंच विस्कटलं असेल तर प्रेफरन्सेसमध्ये विंडो मॅनेजमेंटच्या पानावर खिडक्यांच्या जागा मूळपदावर आणायचं बटण आहे. ते दाबून गिम्प बंद करून पुन्हा सुरू करा.

दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये गेलात तर

फोटोशॉपमध्ये टूल डावीकडे आणि लेअर उजवीकडेच असतात, पण टूलची सेटिंग वर, मेनूच्या खाली आडव्या पट्टीत असते. तिथे जेपेग उघडल्यावर पहिल्या लेअरला कुलूप असतं, त्यावर डबल क्लिक केलं की तो साधा लेअर होतो. शॉर्टकट मात्र जपून वापरा. फोटोशॉपमध्ये कंट्रोल-डीने सिलेक्शन जातं, गिम्पमध्ये त्याच कळांनी पूर्ण चित्राची दुसरी प्रत उघडते. ब्राउझरमध्ये चालणाऱ्या फोटोपीची मांडणी फोटोशॉपच्या वळणाची आहे.

डार्कटेबल, लाइटरूम ही वेगळ्या जातीची सॉफ्टवेअर. तिथे गिम्पसारखी लेअरची यादी घेऊन काम सुरू होत नाही. उजव्या बाजूला सरकपट्ट्या असतात आणि मूळ फाइलला हात न लावता बदलांची नोंद वेगळी ठेवली जाते. डार्कटेबलमध्ये तर फोटो निवडायची आणि फोटोवर काम करायची अशी दोन वेगळी दालनं आहेत, 'लाइटटेबल' आणि 'डार्करूम'. बटण सापडत नसेल तर आधी आपण कुठल्या दालनात आहोत ते पाहा. डार्करूममध्ये डावीकडे 'हिस्टरी' आहे, तिथे केलेला प्रत्येक बदल क्रमाने दिसतो. गिम्पमधली ती यादी फाइल बंद होताच जाते, डार्कटेबल मात्र ती जपून ठेवतं आणि पुढच्या वेळी तोच फोटो उघडला की ती पुन्हा समोर असते.